माळावर जेसीबी घालायच्या आधी एवढं वाचा

ति. आप्पा आणि आई,

सा. न.

दादाचा मेसेज आला की माळावरचं साडेतीन एकर सपाट करून घ्यायचं ठरतंय, पलीकडच्यांची नदीवरनं पाइपलाइन आलीय त्यातनं पाणी घेऊन ऊस करू, नाही जमलं तर निलगिरी लावून मोकळं होऊ. फोनवर बोलायला गेलो की इथली रेंज जाते आणि आप्पा तुम्ही "बरं बरं, जेवलास काय" म्हणून ठेवून देता. म्हणून टाइप करून पाठवतोय. दादाला मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा, आणि त्यानं मधलं गाळायचं नाही.

पहिलं मामांचं. "एवढं शिकून आफ्रिकेत शेण चिवडत बसलाय काय" असं विचारत होते म्हणे. हो, बसलोय. त्याचाच पगार मिळतोय. आणि त्या शेणाचा आपल्या माळाशी जवळचा संबंध आहे म्हणूनच तर लिहाय घेतलं.

मी आहे ते केनियातलं लायकिपिया, नान्युकी गावाच्या पुढं. विषुववृत्त इथनं जवळच, पण १८०० मीटर उंची असल्यामुळं सकाळी स्वेटर लागतो (आई, आहे स्वेटर, काळजी करू नको). माळाच्या अभ्यासाचे आमचे प्लॉट आहेत तिथली जमीन बघितली तर आप्पा तुम्ही म्हणाल अथणीच्या पुढचंच रान आहे, काळीभोर, उन्हाळ्यात भेगा पडलेली, पाऊस झाला की पायाला शेरभर चिखल, आणि पाऊस पण आपल्यासारखाच, सहाशे मिलीमीटरच्या आतबाहेर. त्यात गवत आणि मधे मधे काटेरी झाडं, बाभळीच्या जातीची. याला इंग्रजीत सवाना म्हणतात, आपण माळ म्हणतो.

इथले गुराखी सिंहाच्या भीतीनं रात्री गुरं काटेरी कुंपणात कोंडतात, त्याला बोमा म्हणतात. काही महिने एका जागी, मग उठून दुसरीकडं. सोडून दिलेल्या जागेवर शेणाचा थर साचलेला असतो, त्यावर आधी काही उगवत नाही, आणि मग काही वर्षांनी तिथं बारीक लुसलुशीत गवत येतं, आपल्या हरळीच्याच भावकीतलं. परवा अशाच एका जुन्या बोम्यात गवत मोजायची चौकट टाकून गुडघ्यावर बसलो होतो. कडेला कमरेएवढं राठ गवत, वाळून पिवळं पडलेलं, आणि चार पावलं आत आलं की बोटभर उंचीचं हिरवंगार, वरनं कातरल्यासारखं खाल्लेलं. जिकडं बघावं तिकडं हरणांच्या लेंड्या, झेब्र्याची लीद. सगळं रान सोडून जनावरं इथंच येतात, कारण या गवतात नत्र आणि स्फुरद जास्त. जनावर इथं चरतं, इथंच लीद टाकतं, त्यामुळं कस टिकून राहतो. किती टिकावा? २०१८ साली नेचर नावाच्या विज्ञानाच्या साप्ताहिकात आलं, केनियातच नारोकच्या बाजूला गुराख्यांच्या पुरातन वस्त्यांच्या जागा खणून बघितल्या, त्यातल्या काही ३००० वर्षांपर्यंत जुन्या, आणि माती अजून आजूबाजूच्यापेक्षा सकस. लांब कशाला, आपल्याच कर्नाटकात बुदिहाळला, बळ्ळारीकडं कुपगलला नवाश्मयुगातल्या गोठ्यांचे राखेचे ढिगारे आहेत, जळलेल्या शेणाचे.

आता आप्पा सांगा, दिवाळीनंतर धनगर येतात आणि आपण खालच्या ज्वारीच्या रानात बकरी बसवतो, ते दुसरं काय आहे? रोज रात्री वाघर, म्हणजे बकऱ्यांभोवतीची जाळी, थोडी सरकवायची, सकाळी लेंड्या आणि मूत पडलेला पट्टा मागं राहिलेला, आणि आज्जा दरवर्षी त्या पट्ट्यात उभं राहून "हितली कणसं बघ" म्हणायचा ते मला आठवतंय. पण ती बकरी दिवसभर चरतात कुठं? माळावर. म्हणजे साडेतीन एकरांतला आणि आजूबाजूच्या गायरानातला कस गोळा करून ती रात्री आपल्या काळ्या रानात आणून टाकतात, आणि आपण शेकड्यामागं थोडी ज्वारी नि पैसे देतो. तुम्ही वरचा माळ मोडला की खालचं खत पण गेलं. बकरीवाला काय ऊसात चारणार आहे काय? दादा हिशोब करतोय तो साडेतीन एकरांचा, तो सगळ्या रानाचा करायला पाहिजे.

इथं एक प्रयोग चालू आहे १९९५ पासून, दहा-दहा एकरांचे १८ प्लॉट, कुठं फक्त गुरं सोडायची, कुठं फक्त जंगली जनावरं, कुठं दोन्ही, कुठं कायच नाही. सगळ्यांना वाटायचं झेब्रा गुरांचा चारा खातो. खातोच, पण उन्हाळ्यात. पावसाळ्यात उलटं निघालं, झेब्रा वरची राठ काटकं खाऊन टाकतो, खालनं कोवळं फुटतं, आणि त्याच्याबरोबर चरलेल्या गुरांचं वजन एकटं चरलेल्यांपेक्षा जास्त वाढलं. २०११ ला सायन्स नावाच्या तसल्याच साप्ताहिकात छापून आलंय हे. सगळा खेळ कधी चारायचं याचा आहे. गवताचा कोंब जमिनीलगत असतो, म्हणून वरनं खाल्लं तरी ते परत येतं, पण ऐन पावसाळ्यात रोजच खाल्लं तर त्याला बी धरायला सवडच मिळत नाही.

आणि नुसतं तारेचं कुंपण घालून सोडलं तर? ते पण करून बघितलंय. इथल्या झाडाच्या काट्याच्या बुडाला पोकळ गाठी असतात, त्यात मुंग्या राहतात, कुणी फांदी खायला आलं की तोंडाला डसतात, आणि झाड त्यांना गोड रस देतं. दहा वर्षं हत्ती-जिराफ आत येऊ दिले नाहीत तर झाडानं रस नि गाठी कमी केल्या, राखणदार मुंग्या घटल्या, दुसऱ्या जातीच्या आल्या ज्या खोडकिड्याला आत घेतात, आणि झाडं वाचायच्या ऐवजी मरायला लागली. मला तर हे वाचून हसूच आलं होतं, राखण करायला ठेवलेल्याचा पगार बंद केला की असंच होणार.

निलगिरीचं म्हणाल तर तो विषयच काढू नका. आफ्रिकेतल्या ८५४ जागांचा डेटा घेऊन २००५ साली काढलंय की वर्षाला साधारण ६५० मिलीमीटरच्या खाली पाऊस असेल तर झाडं आपोआप रान झाकून टाकत नाहीत, पाणीच पुरत नाही, गवत राहतंच. घाटमाथ्यावर कणकुंबीला पाऊस कोसळतो तिथं जंगल शोभतं. आपल्याकडं ढग नुसते बघून पुढं जातात. आपला माळ कुणी झाडं तोडून उजाड केलेला नाही, तो तसाच आहे. मागं २०२५ मध्ये पुण्याकडच्या अभ्यासकांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी ओव्या, कथा, कवनं चाळली, त्यात झाडांची नावं शोधली, तर निम्म्याहून जास्त माळावरचीच निघाली. आई, तू जात्यावर म्हणायचीस त्या सुद्धा आता रिसर्चच्या कामाच्या आहेत, लिहून काढ.

ऊसाचं बिल हातात येतं हे मला कळतंय. कधी येतं ते तुम्हालाच माहीत. पण वर वीतभर माती आहे, खाली मुरूम, जेसीबीनं ती वीतभर एकदा खरवडली की राहिलं काय, आणि नदीकाठची चांगली चांगली रानं जादा पाण्यानं मीठ फुटून गेलेली तुम्ही रोज बघताय.

माझं म्हणणं एवढंच. मिरगाचा पाऊस पडला की दसऱ्यापर्यंत माळ बंद ठेवा, कुणाचीच जनावरं नको, आपली म्हैस पण नको. पवन्या आणि मारवेल ही गवतं बी धरतील, मग कापून गंजी लावा. हिवर आणि बोरी आहेत तशा राहू देत. दिवाळीनंतर धनगरांना बोलवा आणि सांगा माळ चारायला फुकट, त्या बदल्यात रात्री खालच्या रानात बसायचं. पैशाची देवघेवच नको. लांडगा-खोकड दिसतंय म्हणून शेजारचे ओरडतील, ओरडू देत, कुत्री आहेत की त्यांची.

आई, ज्वारीचं पीठ पाठवू नको, कस्टमवाले काढून घेतात. इथं मक्याच्या पिठाचं घट्ट उगाली खातोय. मजा म्हणजे ज्वारी मूळची आफ्रिकेचीच, सुदानकडची, आणि इथं मात्र हाटेलात मका. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर वहिनीला सांग.

जेसीबीवाल्याला अ‍ॅडव्हान्स दिला असेल तर परत मागत बसू नका, तो देणार नाही. त्याच पैशात खालच्या विहिरीतला गाळ काढून घ्या, तीन वर्षं म्हणताय नुसतं.

तुमचा,
धाकटा