आधी पात्रता सांगा, मग शुल्क घ्या

मा. संपादक,
स. न.

पदवीचे निकाल लागू लागले की संध्याकाळी माझ्या घरच्या ओट्यावर मुलं-मुली फाइल घेऊन येऊन बसतात. नागपुरातल्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयात मी ३१ वर्षं काम केलं, त्यातली बरीचशी प्रवेशाच्या खिडकीत गेली. निवृत्तीला ६ वर्षं झाली, तरी ओळखीतून ओळख निघते आणि कुणी ना कुणी येतंच. प्रश्न बहुतेकांचा एकच असतो : 'काका, मला एम.एस्सी.चा हा फॉर्म भरता येईल का?' हे ज्या कागदावर लिहिलेलं असायला हवं, त्या प्रवेशसूचनेतच अनेकदा ते नसतं. म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी लाखांदूरकडची एक मुलगी आली होती. वनस्पतीशास्त्र, प्राणीशास्त्र आणि रसायनशास्त्र घेऊन चांगल्या गुणांनी बी.एस्सी. झालेली. तिला सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करायचं होतं. ज्या संस्थेत तिने अर्ज केला, तिच्या सूचनेत पात्रतेपुढे एवढंच होतं : 'संबंधित विषयातील बी.एस्सी.' तिने तीनही विषय अर्जात स्पष्ट लिहिले. शुल्क भरलं, प्रवेश परीक्षा दिली, गुणवत्ता यादीत नाव आलं. कागदपत्रांच्या तपासणीला वडिलांना घेऊन ती पहाटेच्या एसटीने पवनी-उमरेड मार्गे नागपूरला आली. रोवणीचे दिवस होते, वडील बांधीतलं काम दुसऱ्याच्या भरवशावर टाकून आले होते. दुपारी टेबलावरून उत्तर मिळालं की पदवीला सूक्ष्मजीवशास्त्र हा विषय नाही, त्यामुळे तुम्ही अपात्र. तोवर तिने पाहून ठेवलेल्या बाकी दोन ठिकाणच्या तारखा उलटून गेल्या होत्या. 'मी तं फॉर्मवर सारंच लिहिलं होतं जी,' असं ती मला दोनदा म्हणाली. तिच्या त्या बोलण्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

अट चुकीची होती असं मी म्हणत नाही. पदवीला सूक्ष्मजीवशास्त्र हवंच, असं एखाद्या विभागाचं मत असू शकतं आणि त्याला शास्त्रीय कारणही असेल. मग ते छापा ना! 'संबंधित' या एका शब्दात कोणकोणते विषय येतात, हे विभागाला अर्ज मागवण्याआधीच माहीत असतं. ते लिहायला दोन ओळी पुरतात.

हे का होतं, ते खिडकीच्या आतून पाहिलेला माणूस म्हणून सांगतो. नवी सूचना बहुधा मागच्या वर्षीच्या सूचनेवरूनच तयार होते. वर्ष आणि तारखा बदलतात, पात्रतेचा मजकूर तसाच पुढे जातो. अशा मसुद्यांत तारखा मीही बदलल्या आहेत, आणि त्या वेळी तो परिच्छेद पुन्हा वाचायला हवा होता याची आज खंत वाटते. छाननी होते ती शुल्क आणि परीक्षा दोन्ही झाल्यावर. जागा रिकाम्या राहत असल्या की 'संबंधित' शब्दात पुष्कळ विषय मावतात, अर्ज भरपूर आले की तोच शब्द आक्रसतो. खिडकीतला कर्मचारीही यात अडकतो. त्याला ठाम सांगता येत नाही, तो 'वर विचारून सांगतो' म्हणतो, आणि मुलगा उद्या परत येतो.

दुसरी अडचण टक्क्यांची. आता गुणपत्रिकेवर सीजीपीए, म्हणजे दहापैकी सरासरी श्रेणी-गुण, असतो आणि प्रवेशाची अट टक्क्यांत. काही ठिकाणी सीजीपीएला सरळ दहाने गुणतात, काही ठिकाणी त्यातून पाऊण वजा करून मग दहाने गुणतात. ५.२५ सीजीपीए असलेल्या मुलाचे पहिल्या रीतीने ५२.५ टक्के होतात आणि दुसऱ्या रीतीने ४५. अट ५० टक्क्यांची असेल तर तोच मुलगा एका टेबलावर पात्र आणि शेजारच्या टेबलावर अपात्र! शिवाय सहाही सत्रं धरायची की शेवटची दोन, सगळे विषय की फक्त मुख्य विषय, हेही सूचनेत क्वचितच सापडतं. राज्याच्या एमबीए प्रवेशाचं मला त्यासाठी बरं वाटतं. खुल्या गटाला ५० टक्के, राखीव गटाला ४५, आणि पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यालाही सीईटी देता येते, हे आधीच लिहिलेलं असतं. मुलं ते वाचतात आणि आपापला निर्णय घेतात.

टीसी, मायग्रेशन (एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाताना लागणारा दाखला), नॉन-क्रिमीलेयर, व्हॅलिडिटी (जातवैधता) या कागदांबद्दल जास्त लिहीत नाही. ही यादी मुलांना पाठ असते आणि सेतू केंद्राच्या रांगेत ती उभीही राहतात. एवढंच सांगतो की मायग्रेशन विद्यार्थी स्वतः तयार करू शकत नाही, ते मिळायला लागणारा वेळ त्याच्या हातात नसतो. गडचिरोली, चंद्रपूरसाठी २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ वेगळं आहे. तिकडून पुढच्या शिक्षणाला नागपूरला येणाऱ्या मुलांसाठी आपलं विद्यापीठ 'दुसरं विद्यापीठ' ठरतं, त्यांना हा कागद लागतोच. मूळ निकाल हातात असेल तर मायग्रेशनसाठी मुदत देऊन तात्पुरता प्रवेश द्यायला काय हरकत आहे?

आता हे जास्त निकडीचं होणार आहे. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला नवीन शैक्षणिक धोरण लागू झालं. मेजर म्हणजे मुख्य विषय आणि मायनर म्हणजे जोडीचा दुय्यम विषय, अशी रचना आली. तीन वर्षांची पदवी घेऊन ही मुलं २०२७ मध्ये बाहेर पडतील. त्यातली काही चौथं वर्ष करून ऑनर्स घेतील आणि एक वर्षाच्या एम.ए., एम.एस्सी.साठी येतील. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्यात म्हटलं आहे की विद्यार्थी मेजर किंवा मायनर या दोन्हींपैकी कोणत्याही विषयात पदव्युत्तर प्रवेशाला पात्र धरता येईल, आणि प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्यास विषय वेगळा असला तरीही. उद्या इतिहास मेजर आणि अर्थशास्त्र मायनर असलेली मुलगी एम.ए. अर्थशास्त्राचा फॉर्म मागेल, तेव्हा सूचनेत 'संबंधित विषय' एवढंच असेल तर खिडकीतल्या माणसाने तिला काय सांगायचं?

नागपूर विद्यापीठ १९२३ पासून आहे, शंभरी पूर्ण केलेलं आहे. शहरातल्या स्वायत्त संस्थाही जुन्याजाणत्या आहेत. त्या सगळ्यांनाच माझी विनंती आहे. प्रत्येक अभ्यासक्रमापुढे पदवीचे कोणते विषय चालतील, त्यांची नावं छापा. टक्के काढण्याचं सूत्र छापा. अर्जात पदवीचे विषय भरले की छाननी शुल्काच्या आधी करा. हे जमत नसेल तर निदान एवढं तरी करा : विद्यार्थ्याने खरी माहिती भरली असेल आणि नंतर तो अपात्र ठरला, तर त्याचं शुल्क परत द्या. कुणी पात्रतेबद्दल लेखी विचारलं तर त्याला लेखी उत्तर द्या, शेवटच्या तारखेच्या आत.

ती मुलगी यंदा पुन्हा अर्ज करते आहे. मागच्या आठवड्यात तिने दोन संस्थांच्या सूचना आणल्या. एकीत चालणाऱ्या विषयांची नावं दिली आहेत, त्यात तिचे विषय बसतात. तो फॉर्म आम्ही त्याच संध्याकाळी भरला. दुसरीत 'संबंधित विषय' एवढंच आहे. त्या कार्यालयाला तिने लेखी विचारलं आहे. शेवटची तारीख चार दिवसांवर आली, उत्तर अजून आलेलं नाही.

आपला,
एक निवृत्त महाविद्यालयीन कर्मचारी,
नंदनवन, नागपूर