मांडीवरची कोरी जागा

पुणे, रविवार

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. वाड्यावरच्या कुटुंबाचं चित्र रंगवायचं काम घेतलंस हे बरं केलंस. पण आजीच्या मांडीवर पोथी हवी की धाकटा नातू, हे त्यांच्या घरात ठरत नाही, म्हणून तेवढी जागा कोरी सोडून बाकीचं उरकून घ्यायचं म्हणतोस. त्याआधी अठराव्या शतकातला इंग्रज चित्रकार गेन्सबरो याचं ‘मिस्टर अँड मिसेस अँड्र्यूज’ पुन्हा एकदा नीट बघ. लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, त्यांच्या संकेतस्थळावर हवं तेवढं मोठं करून पाहता येतं.

चित्र साधारण १७५० चं. गेन्सबरो तेव्हा विशी-बाविशीतला, लंडनहून सडबरीला आपल्या गावी परतलेला. रॉबर्ट अँड्र्यूज आणि फ्रान्सेस कार्टर यांचं लग्न १७४८ च्या नोव्हेंबरात झालं होतं. गावाजवळच त्यांची ऑबरीज नावाची इस्टेट. कॅनव्हास ६९.८ बाय ११९.४ सेंटिमीटर, म्हणजे फार मोठा नाही. चेहरे तळहातापेक्षा लहान. माणसं डावीकडे ओकच्या झाडाखाली आणि निम्म्याहून जास्त जागा शेताला दिलेली. राहतं घर चित्रात नाहीच. त्याऐवजी पेंढ्या, कुंपणातली मेंढरं आणि पाभरीने पेरल्याचं सांगणाऱ्या धसकटांच्या सरळ ओळी. जमीनदाराला काय मिरवायचं होतं ते वेगळं सांगायला नको.

आणि फ्रान्सेसच्या मांडीवर, त्या निळ्या झग्याच्या मधोमध, एक तपकिरी ठिगळ. खालचं अस्तर (कॅनव्हासवर आधी दिलेला थर) जवळजवळ उघडं, वर ब्रशचे थोडेसे फटकारे. कोणी म्हणतं तिथे शिकारीचा पक्षी येणार होता, कोणी पुस्तक, कोणी विणकाम, कोणी पुढे होणारं मूल. नवऱ्याच्या काखेत बंदूक आणि पायाशी कुत्रा असल्यामुळे पक्ष्याचं मत जास्त चालतं. मला ते पटायला जड जातं. रेशमावर रक्ताळलेला पक्षी कुठली नवी नवरी घेऊन बसेल? पण चित्रातल्या माणसांना धुण्याची चिंता नसते म्हणा.

तुझ्या उपयोगाचं कोडं मात्र वेगळंच आहे. ठिगळाची कड बघ. झगा त्याच्या भोवतीने रंगवत आणलाय. म्हणजे वस्तू ठरण्याआधी तिची बाह्यरेषा ठरून गेली. तिथे मूल घ्यायचं झालं तर त्याला धरणारे हात बदलावे लागले असते, आणि हात बदलले की खांदे, खांदे बदलले की झग्याच्या चुण्या. कपडे बहुधा बाहुल्यांना घालून रंगवलेत (दोघं थोडी ताठ दिसतात ती त्यामुळेच), तेव्हा चुण्या पुन्हा मांडणं एक वेळ जमलं असतं. बाकीचं नाही.

म्हणून जागा सोडायचीच असेल तर कोरी सोडू नकोस, सर्वांत मोठ्या शक्यतेसाठी सोड. आधी नातू धरून हातांची ठेवण पक्की कर. त्याच ठेवणीत पोथी नंतर बसते. उलट बसत नाही. दोन्ही मांडण्यांची कोळशाची स्केचेस खऱ्या मापात काढून घरच्यांपुढे ठेव. बरीच घरं तिथेच निर्णय घेऊन टाकतात.

अंबरचा (मातकट तपकिरी रंगाचा) पातळ हात त्या जागेवरही दे, म्हणजे भोवतालच्या छटा पांढऱ्या अस्तराशी तुलना होऊन आहेत त्याहून गडद वाटणार नाहीत. कडेला दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत रंग पातळच ठेव आणि कड कोरड्या ब्रशने विरवून टाक. नाहीतर वाळल्यावर तिथे बांध उभा राहतो आणि वर काहीही रंगवलंस तरी आतली जुनी बाह्यरेषा उजेडात दिसत राहते. अंबर दोन दिवसांत हाताला कोरडा लागतो, टायटॅनियम पांढऱ्याला आठवडा लागतो, आयव्हरी ब्लॅक हा काळा त्याहून रेंगाळतो. पावसाळ्यात सगळंच लांबतं. हळू वाळणाऱ्या जाड थरावर पटकन वाळणारा थर दिलास तर वरचा तडकणार. काही महिन्यांनी ती जागा भरशील तेव्हा भोवतालचा रंग निस्तेज पडलेला असेल. त्यावर जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं करून अगदी पुसट हात फिरव, जास्तीचं कापडाने टिपून घे, मग छटा जुळव. हे न करता जुळवलेली छटा व्हार्निशनंतर हटकून फिकी निघते. व्हार्निश सगळं भरून झाल्यावर, सहा महिने ते वर्षाने.

पैशांचंही याच्याशी जोडलेलं आहे. गेन्सबरोच्याच काळातला चित्रकार रेनॉल्ड्झ पहिल्या सिटिंगलाच (समोर बसवून रंगवण्याच्या बैठकीला) निम्मी रक्कम घेई, उरलेली काम झाल्यावर. तुझ्या बाबतीत ‘झाल्यावर’ कधी उजाडेल ते त्या घराच्या हातात आहे. विसार घे, दुसरा हप्ता चेहरे पुरे झाल्यावर, आणि मांडीसाठी फक्त शेवटचा छोटा हप्ता ठेव.

सगळी कच्ची रेखाटनं जपून ठेव, त्यावर तारखा घाल. आपल्याकडचंच बघ: चित्रकार जेम्स वेल्सने पुण्यात पेशवे दरबाराच्या चित्रासाठी रेखाटनं केली आणि १७९५ मध्ये तो गेला. त्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियल या चित्रकाराने १८०५ मध्ये इंग्रजांचा पुण्यातला रेसिडेंट मॅलेट आणि सवाई माधवरावांच्या तहाचं ते मोठं चित्र पुरं केलं. फ्रान्सेसच्या मांडीसाठी असा कागद मागे राहिलेला नाही. चित्र १९६० पर्यंत त्याच घराण्यात होतं, तरी कोणी ते ठिगळ भरलं नाही.

जागा भरायला घेण्याआधी कॅनव्हासचा एक फोटो बाजूने तिरपा उजेड टाकून काढ आणि पाठव. कडेला उंचवटा किती आलाय ते त्यात दिसेल. जास्त असेल तर आधी तो घासून काढावा लागेल.

तुझा,
विनायक