आई-आण्णा, जरा निवांत बसून वाचा

आई, आण्णा,

मेसेज लांब झालाय. आई, चष्मा लाव आणि आण्णांना मोठ्यानं वाचून दाखव. एकाच गावात राहून आर. के. नगरातनं शुक्रवार पेठेत पत्र पाठवायचं म्हणजे खुळ्याचाच प्रकार, पण समोर बसलं की माझ्या तोंडातनं शब्द फुटत नाही आणि फुटला तर रविवारसारखा फुटतो.

रविवारचं आधी सांगतो. पांढरा रस्सा दोनदा घेतला, मांडी घालून तासभर गप्पा मारत बसलो आणि उठायला गेलो तर कंबर जागची हलंना. आण्णा म्हणाले आमच्या वेळी पोरं हजार जोर मारून वर विहिरीचं पाणी ओढायची, तू म्हणालीस पड जरा, आराम कर, आणि मी तुझ्यावरच खेकसलो की आराम आराम काय लावलंयस, आणि गाडीला किक मारून निघून आलो. (किक कसली, पाय कुठं उचलत होता, बटण दाबलं.) चुकलंच माझं. पण का खेकसलो ते सांगायचंय.

आई, तू शेजारच्या काकूंना सांगतेस पोराला स्पॉन्डिलायसिस झालंय. ते नव्हे. ते वयानं मणके झिजून होतं. माझं अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस, एकच अक्षर फक्त वेगळं, पण दुखणं पार उलटं. ह्यात सूज येते, आणि ती बहुतेक करून शिरा-स्नायू जिथं हाडाला चिकटतात त्या जागी येते, म्हणून दुखायची जागा एक नाही. आणि झिजलेली कंबर पडून राहिलं की बरी होते, माझी पडून राहिलं की जास्त धरते. म्हणून आराम शब्द ऐकला की माझं टाळकं सरकतं. तुझा दोष नाही त्यात, तू तर मायेनंच म्हणतेस.

दुसरं, फोनवर तू रोज विचारतेस 'दुखतंय का रे' आणि मी रोज म्हणतो 'बरंय'. खरं तर उत्तर काय द्यायचं तेच मला कळत नाही, कारण कुठलं दुखणं विचारालीयस? डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं कसं दुखतं, तेव्हा मी तुझेच शब्द सांगितले, ठणका, चमक, कळ, रग. ते हसले, म्हणाले एवढं बारीक कोण सांगत नाही.

पहाटे तीन-चारला जाग येते ती आखडण्याची. सिमेंटचं पोतं ओलीत राहून गठ्ठा होतं बघ, तशी पाठ. कूस बदलायची तर आधी गुडघे वर घ्यायचे, मग पलंगाची कड धरायची, मग कंबर, मग खांदे, असं हप्त्याहप्त्यानं. तुझ्या सुनेची झोप रोज मोडते, ती काही बोलत नाही ते जास्त लागतं. उठून घरातल्या घरात फेऱ्या मारल्या, गरम पाण्यानं आंघोळ केली की तासाभरानं माणसात येतो. म्हणून मी सकाळी नऊच्या आधी फोन उचलत नाही, रागावून नव्हे.

चमक वेगळी. ती ढुंगणात, आत खोल, कधी उजवीकडं तर महिन्यानं डावीकडं. गोकुळ शिरगावला कंपनीत जाताना एखादा खड्डा चुकला की डोळ्यापुढं काजवे. सात वर्षं, 2012 पासून, ह्या चमकेला कोण गादी सरकली म्हणालं, कोण मणक्यात गॅप म्हणालं, पट्टा झाला, वजनं लावून ट्रॅक्शन झालं, एक्सरे नॉर्मल. ह्या रोगात पहिली काही वर्षं एक्सरेत काही दिसत नाही, हे मला फार नंतर कळालं.

टाचेचं दुखणं तू बघितलंयस. मागं अंबाबाईच्या देवळात दगडावर अनवाणी चालताना मी थांबत होतो आणि तू म्हणालीस लग्नानंतर पोरगा देवाधर्माला कंटाळला. आई, खडीवर पाय दिल्यागत होत होतं गं. आणि बरगड्या! शिंक आली की भिंत धरायची. एकदा रात्री छातीत अशी कळ आली की हार्टअटॅकच समजून आम्ही दोघं दवाखान्यात पळालो, ईसीजी चांगला निघाला, ते तुम्हाला सांगितलंच नव्हतं. आता सांगितलं.

थकवा मी दुखण्यात धरत नव्हतो. पण ज्या दिवशी काहीच दुखत नाही त्या दिवशी पण संध्याकाळी ताप येऊन गेल्यागत अंग गळून जातं. घरी आलो की गप पडलेला असतो त्याचं कारण ते.

रोगाचं नाव कळालं ते डोळ्यामुळं. 2019 च्या सुरवातीला डावा डोळा लाल झाला, उजेडाकडं बघवंना, मी मेडिकलमधनं ड्रॉप आणून चार दिवस घातले, डोळे आले असतील म्हणून. शेवटी डोळ्याच्या डॉक्टरकडं गेलो तर ते डोळा तपासता तपासता विचारतात, सकाळी उठल्यावर कंबर आखडते का हो? मला वाटलं माणूस ज्योतिषी आहे. बाहेरनं आलेला नव्हता तो डोळा, आतनंच सुजला होता, त्याला युव्हिआयटिस म्हणतात, आणि ह्या रोगात तो बऱ्याच जणांना होतो. त्यांनीच संधिवाताच्या डॉक्टरकडं धाडलं, मग एमआरआय, रक्तात एचएलए बी 27 नावाचं आईबापाकडनं येणारं जनुक आहे का ती तपासणी, आणि इंजेक्शनच्या आधी टीबीची तपासणी. पंधरा दिवसाला एक इंजेक्शन असतं, 2014 पासून आपल्याकडंच बनायला लागलं म्हणून निदान परवडायच्या टप्प्यात तरी आलं. फ्रिजमध्ये अंड्यांच्या शेजारी तो डबा दिसतो ना, तोच. आई, तो बर्फाच्या कप्प्यात ढकलू नको, एकदा ढकललेलास, गोठलं की वाया जातं. इंजेक्शननं दहातले सात दिवस चांगले जातात. रविवार उरलेल्या तिनातला होता.

आता इथनं पुढं फोन आण्णांच्या हातात दे, आणि आण्णा, तुम्ही स्वतः वाचा.

आण्णा, 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी गल्लीत शिरलं आणि तुम्ही दोघं आमच्याकडं राहायला आला. मला रोगाचं नाव कळून काहीच महिने झाले होते. पहाटे चारला मी हॉलमध्ये फेऱ्या मारायला आलो तर तुम्ही आधीच पलंगाच्या कडेला बसलेला, दोन्ही हात गुडघ्यावर, अंधारात. मी विचारलं काय झालं, तर म्हणाला, काय नाही, हाडं गरम होऊ देतोय. आठही दिवस तसंच. मी तेव्हा म्हणलं पुराची गारठ, वय, मार्केट यार्डात दिवाणजी म्हणून जन्मभर वहीवर मान घालून बसल्याचा परिणाम. पण ते डोक्यातनं गेलं नाही.

मग एकेक आठवाय लागलं. रस्ता ओलांडताना तुम्ही मान वळवून मागं बघत नाही, सगळं अंग फिरवून बघता. आम्ही पोरं त्याची नक्कल करायचो. रंकाळ्यावर 'वर बघा किती पाखरं' म्हणलं की तुम्ही कठड्याला रेलून मागं झुकायचा. आणि लहानपणी वर्षातनं एकदा-दोनदा आण्णांचे डोळे आले म्हणून माडीवरच्या खोलीची खिडकी बंद असायची, आम्हाला वर जायची बंदी. डोळे आले की घरभर येतात ना आण्णा? आमच्याकडं कधी दुसऱ्या कुणालाच आले नाहीत. एकट्या तुम्हालाच.

आणि कुस्ती. चोविसाव्या वर्षी तुम्ही तालीम सोडली, कंबर गेली म्हणून, आणि वस्ताद चारचौघात म्हणाले पोरगं कामाला भ्यालं. तुम्ही हे एकदाच सांगितलंत, खासबागेच्या बाहेर उभं राहून, मी दहावीत होतो. त्यानंतर मला 'व्यायाम कर, बसून राहू नको' म्हणून जे मागं लागला ते आजतागायत. गंमत म्हणजे माझे डॉक्टर पण तेच सांगतात, हालत राहा, पोहा, बसून राहू नका. तुम्ही चाळीस वर्षं स्वतःवर तेच औषध केलंत, नाव माहीत नसताना.

मी डॉक्टर नाही, अंदाज चुकला तर चांगलंच. पण हा घरात चालत येणारा रोग आहे आणि तरुणपणीच सुरू होतो. आणि आण्णा, 'माझ्यामुळं पोराला झालं' हे एवढं एक डोक्यात घेऊ नका. ते बी 27 जनुक अंगात असलेल्या बहुतेकांना जन्मभर काहीच होत नाही. मला झालं तर झालं, त्यात तुम्ही काय केलंत?

एक काम आजपासनं करायचं. सलूनमध्ये दाढीनंतर तो मान कडाकडा मोडतो ते बंद. हाडवैद्य पण नको. मणके जर जुळून आले असतील तर ते बांबूसारखे होतात, झटक्यानं मोडू शकतात, साध्या पडण्यानं पण. त्याला सांगा पोरगा भांडाय येईल.

दुसरं, आत्ताच करून बघा. भिंतीला टाचा आणि पाठ टेकून उभं राहा, हनुवटी वर न करता डोकं मागं टेकतंय का? आई, तू डोकं आणि भिंतीच्या मधे हात घालून बघ किती बोटं मावतात आणि मला कळव. माझी दोन मावतात.

गुरुवारी मी सुट्टी टाकलीय, नवाच्या पुढं रिक्षा घेऊन येतो, गाडीवरनं नको, खड्डे आहेत. कमरेचा एक एक्सरे आणि रक्त, बास. उपाशी राहायचं नाही, त्यामुळं मिसळ खाऊनच जाऊ. आई, तू पण चल, आणि रविवारचा राग असला तर रिक्षात काढ, तिथनं मला पळता येणार नाही.

तुमचा,
बाळू