पाचटातले लिग्निन जाळण्याजोगे नाही

मा. संपादक,

महोदय, ऊसतोड सुरू झाली की चिकोडी, रायबाग, गोकाक भागात दिवस मावळता फडाफडांतून धूर उठू लागतो. पाचट पेटवले की खोडव्याला पाणी द्यायला रान मोकळे होते, हे खरे. मीही कित्येक वर्षे तेच केले. पण त्या आगीत आपण काय गमावतो, याचा विचार व्हावा म्हणून हे पत्र.

पाचटात आणि चिपाडात सेल्युलोजच्या धाग्यांना सांधून ठेवणारे लिग्निन असते. चिपाडात त्याचा वाटा साधारण पाचवा हिस्सा भरतो. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजची एकाच पद्धतीने गुंफलेली साखळी, त्यामुळे विकरांना (जिवाणू-बुरशी सोडतात त्या एन्झाइमांना) ती तोडणे जमते. लिग्निनमधली कार्बनची वलये मात्र अनेक तऱ्हांनी वेडीवाकडी जोडलेली असतात आणि नेहमीच्या विकरांना तिथे पकडच मिळत नाही. खानापूरच्या रानात पावसाळ्यानंतर पडलेला एखादा ओंडका हाताने दाबून पाहावा: काही ठिकाणी लाकूड पांढरे, मऊ आणि दोऱ्यादोऱ्यांचे झालेले असते. तिथे बुरशीने लिग्निन खाल्लेले असते आणि पांढरे उरते ते मुख्यतः सेल्युलोज. अशाच एका बुरशीतले लिग्निन पेरॉक्सिडेज हे विकर 1983 मध्ये शास्त्रज्ञांच्या हाती लागले. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साहाय्याने ते लिग्निनमधला एक इलेक्ट्रॉन काढून घेते, आणि अस्थिर झालेला रेणू मग आपसूक तुटत जातो.

जिवाणूंचे काम बुरशीपेक्षा संथ, पण ते टाकीत वाढवणे आणि त्यांची जनुके बदलणे सोपे. स्युडोमोनास पुटिडा हा मातीतला जिवाणू लिग्निनचे नाना प्रकारचे तुकडे मोजक्याच एक-दोन संयुगांवर आणून ठेवतो, आणि माझ्या मते सगळी किमया इथेच आहे, कारण मिसळीतून एकच पदार्थ वेगळा काढण्याची कटकट त्यामुळे वाचते. जनुके बदलून या संयुगांच्या विघटनाची पुढची वाट अडवली की म्युकॉनिक आम्ल साचते. त्यापासून नायलॉनला लागणारे ॲडिपिक आम्ल तयार करता येते. ऱ्होडोकोकस जिवाणूचे एक जनुक काढून गव्हाच्या काडातल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन (व्हॅनिलाचा वास देणारा पदार्थ) मिळवल्याचे 2013 मध्ये प्रसिद्ध झाले आहे. हे अजून बहुतांशी प्रयोगशाळेतले यश आहे. कारखान्यांत आज लिग्निन चिपाडासकट बॉयलरखाली जाते.

बेळगावात निजलिंगप्पा साखर संस्था आहे, विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आहे आणि आजूबाजूला साखर कारखाने आहेत. या सर्वांनी चिपाडातल्या लिग्निनवर एकत्र काम हाती घ्यावे, अशी कळकळीची विनंती आहे. तोवर शेतकऱ्यांनी पाचट न पेटवता त्याची कुट्टी करून, वर शेणकाला शिंपडून ते सरीतच कुजू द्यावे. हेच काम तिथले जिवाणू आणि बुरशी सावकाश करतात, आणि लिग्निनचा न कुजलेला अंश जमिनीतला सेंद्रिय कर्ब वाढवतो. याविषयीची माहितीपत्रके कन्नडबरोबर मराठीतही काढावीत, म्हणजे तोड सुरू होण्याआधी ती आमच्या गावांतल्या प्रत्येक ऊसकऱ्याला वाचता येतील.

आपला नम्र,
एक ऊस उत्पादक शेतकरी, ता. चिकोडी, जि. बेळगाव