ओढणीनं रेघ पुसणाऱ्या ताईंना

ताई,

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ताई म्हणते. आभार मात्र उघडपणेच मानणार आहे. आमच्या स्वयंपाकघराची आखणी करताना तुम्ही जे केलंत ते इतरांना कळायला हवं, निदान ज्यांच्या घरात स्वयंपाकघराचं काम निघालंय त्यांना तरी.

आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, काल सगळ्यांच्या तांदळाच्या भाकऱ्या एकटीनं केल्या आणि रात्री खांद्याला लावायला तेल मागितलं नाही. गेली कित्येक वर्षं ते तेल त्यांच्या उशाशी आहे. डॉक्टर झाले, शेक झाला, व्यायाम झाले. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं आणि पुन्हा सुरू. तो खांदा दुखतो कशानं, हे शोधण्यासाठी ओट्याकडे पाहणाऱ्या पहिल्या तुम्ही.

आमचं घर नवी मुंबईतल्या नेरूळमधलं, सिडकोनं १९८०च्या दशकात बांधलेल्या इमारतीतलं. स्वयंपाकघर अरुंद आणि लांबट, मधे दोन माणसं एकमेकांना ओलांडताना एकाला पोट आत घ्यावं लागतं. कडप्प्याचा ओटा घर ताब्यात मिळालं तेव्हापासूनचा. सिंकखालची भिंत दर पावसाळ्यात ओल धरायची, शेवटी ओटा एका बाजूनं खचला, तेव्हा सगळंच नव्यानं करायचं ठरलं.

आधी आलेल्यांबद्दल लिहायलाच हवं, कारण त्याशिवाय तुमचं मोल कळणार नाही. एका मोठ्या शोरूममधले गृहस्थ आले. लॅपटॉपवर चकचकीत चित्रं दाखवली. सगळं बोलणं माझ्या नवऱ्याशी. जी बाई त्या ओट्यापाशी उभं राहून म्हातारी झाली ती तिथेच दोन हातांवर होती, पण तिला त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. मी म्हटलं, आई भाकऱ्या थापतात, त्यासाठी जागा लागेल. ते म्हणाले, "मॅडम, भाकऱ्या आता बाहेर तयार मिळतात." आईंनी ते ऐकलं आणि त्या आत निघून गेल्या. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही. त्यांच्यानंतर एक कंत्राटदार आला. त्यानं ओट्याची उंची विचारल्यावर टेप खिशातून काढलीसुद्धा नाही. "चौतीस इंच. सगळ्यांकडे तेवढाच असतो." सगळे कोण, हे मी विचारलं. उत्तर मिळालं नाही.

आणि मग तुम्ही आलात. चप्पल काढून आत आलात आणि पहिला प्रश्न विचारलात, "सकाळी या घरात आधी कोण उठतं?"

ताई, हा प्रश्न कानावर पडला तेव्हाच मला वाटलं की आता काम नीट होणार. आधी उठतात अप्पा, म्हणजे माझे सासरे, पहाटे साडेचारला. स्वतःचा चहा स्वतः करतात. त्यासाठी स्वयंपाकघराच्या पार आतल्या टोकाला जावं लागायचं, मोठा दिवा लावावा लागायचा, डबे वाजायचे आणि बाहेरच्या खोलीत झोपलेल्या मुलीची झोप मोडायची. तुम्ही दाराशीच दीड फुटाची जागा काढून दिलीत. विजेची किटली, साखर, चहापूड, दोन कप, वर एक लहान दिवा. काम एवढंसंच. पण अप्पा आता पहाटे चोरासारखे वावरत नाहीत, आणि आईंना ते रोज सांगतात की ही जागा माझी.

शोरूमवाल्यांनी आम्हाला त्रिकोणाचा नियम ऐकवला होता: शेगडी, सिंक आणि फ्रिज या तिघांमधली प्रत्येक बाजू चार ते नऊ फूट. जणू देवानंच सांगितलेला. तुम्ही शांतपणे समजावलंत की हा नियम अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात १९४०च्या दशकात लहान घरांचा अभ्यास करताना मांडला गेला. एकच बाई एकटीनं स्वयंपाक करते असं धरलेलं घर होतं ते. आमच्याकडे सकाळी एकाच वेळी मी डबे भरते, आई भाजी फोडणीला टाकतात आणि नवरा पाणी भरतो. फ्रिज उघडतो त्याच्या कितीतरी पट जास्त वेळा मिसळणाचा डबा उघडतो. तुम्ही म्हणालात, तुमच्या घराचा त्रिकोण होत नाही, तुमच्याकडे तीन माणसांच्या तीन वाटा आहेत आणि त्या एकमेकींना कापता कामा नयेत. माझी ठाणे लोकल ज्या गडबडीत दर दोन दिवसांनी चुकायची, ती गडबड त्या वाटा एकमेकींत अडकल्यानं व्हायची, हे मला त्या दिवशी कळलं.

आमचं स्वयंपाकघर लहान म्हणून मी कुरकुरले, तेव्हा तुम्ही जर्मनीतल्या फ्रँकफर्टची गोष्ट सांगितलीत. मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की नावाच्या वास्तुविशारद बाईनं १९२६ साली कामगारांच्या घरांसाठी जे स्वयंपाकघर आखलं, ते जेमतेम १.९ मीटर बाय ३.४ मीटरचं होतं. म्हणजे साधारण सव्वासहा फूट बाय सव्वाअकरा फूट. आमचंही जवळजवळ तेवढंच! त्या बाईनं तोवर स्वतः कधी स्वयंपाक केला नव्हता, पण कामाला किती पावलं पडतात, कशाला किती वेळ लागतो याचा अभ्यास केला आणि मगच पेन्सिल उचलली. मला ते फार पटलं. स्वतःला येत नसेल तर बघावं, विचारावं. यात कसला कमीपणा आहे?

आता ज्या गोष्टीसाठी मुळात हे पत्र लिहायला घेतलं ती.

तुम्ही आम्हाला हॉलमधलं सामान भिंतीला लावायला सांगितलंत आणि पिशवीतून खडू काढलात. जमिनीवर पूर्ण मापाचं स्वयंपाकघर आखलंत. हे दार, हा ओटा, ही शेगडी, ही मोरी, इथे खिडकी. मग आईंच्या हातात त्यांची परात आणि तवा देऊन म्हणालात, "आई, रोजचा स्वयंपाक करून दाखवा."

आई लाजल्या. "माका कित्याक इचारतास? तुमका बरा दिसात तसा करा," म्हणाल्या. गिरगावच्या चाळीत एका खोलीत संसार झाला, तिथे चूल होती तिथे होती. इथे आल्या तेव्हा ओटा आधीच बांधलेला होता. त्यांना कुणी विचारायचा प्रश्नच कधी आला नव्हता. पण तुम्ही घाई केली नाहीत. उभ्या राहिलात. थोड्या वेळानं आईंनी पदर खोचला आणि त्या रेघांमधून चालायला लागल्या. पीठ इथून घेणार, पाणी इथून, मग खाली बसणार, भाकरी थापणार, उठणार, तव्यावर टाकणार, परत बसणार. प्रत्येक भाकरीला एक उठबस. तुम्ही ती मोजत होतात. आणि एका जागी आई थबकल्या, हात पुढे करून अगदी हळू म्हणाल्या, "हय हात अडता."

तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. तशाच गुडघ्यांवर बसलात, ओढणीच्या टोकानं ती रेघ पुसलीत आणि चार बोटं मागे नवी काढलीत. "आता बघा."

आईंनी पुन्हा हात फिरवला आणि मान डोलावली.

ताई, तुमची ओढणी पांढरी झाली होती. मी फडकं आणायला उठणार होते, पण माझ्यानं उठवेना. आईंच्या एका शब्दावर कुणीतरी भिंत सरकवावी तसं मला झालं. ओटा पुढे सुतारानं आणि गवंड्यानं बांधला, उत्तम बांधला, त्यांचेही आभार आहेतच. पण आमचं स्वयंपाकघर तयार झालं ते त्या ओढणीच्या टोकाशी.

त्यानंतर आईंचा संकोच जो गेला तो गेलाच. त्या भराभर सांगायला लागल्या. विळीवर भाजी चिरायला जमिनीवर बसायला मला आवडतं, ते मोडू नका. "एकदा बसाक माजी हरकत नाय, धा वेळा उठाक आसा." म्हणून तुम्ही बाल्कनीच्या दाराशी विळीपुरती जमीन मोकळी सोडलीत आणि उठताना धरायला भिंतीत दांडा बसवून घेतलात. बुधवारी, शुक्रवारी, रविवारी जवळच्या दिवाळे कोळीवाड्याहून मासे येतात, ते देवघरासमोरच्या सिंकमध्ये धुवायला त्यांना कधीच बरं वाटत नव्हतं. हे त्या आम्हालाही कधी बोलल्या नव्हत्या. तुम्ही बाल्कनीत वेगळा नळ आणि कडप्पा दिलात. वर्षाच्या मालवणी मसाल्याची बरणी माळ्यावर चढवायची नसते, ती हाताशी आणि अंधारात लागते, हेही त्याच दिवशी ठरलं.

मग तुम्ही त्यांना हात कोपरात दुमडायला सांगितलंत आणि टेप भिंतीला न लावता त्यांच्या कोपराला लावलीत. जमिनीपासून छत्तीस इंच. आणि तुम्ही ते साधं गणित मांडलंत जे इतक्या वर्षांत कुणी मांडलं नव्हतं: ओटा चौतीस इंच, त्यावर शेगडी पाच इंच, म्हणजे तवा एकोणचाळीस इंचांवर. आईंच्या कोपराच्याही वर! प्रत्येक भाकरी उलटताना त्या खांदा उचलत होत्या. दिवसातून किती वेळा, वर्षानुवर्षं. काम करायची जागा कोपराच्या चार ते सहा इंच खाली हवी, आणि थापायला, मळायला, जिथे अंगाचा भार द्यावा लागतो तिथे त्याहूनही खाली, हे तुम्ही सांगितलंत. म्हणून आमच्या ओट्याला आता पायऱ्या आहेत. शेगडीची जागा खाली उतरवलेली. तिच्या शेजारी सत्तावीस इंचांवर भाकरीचा कडप्पा, खाली पूर्ण मोकळा, म्हणजे आई स्टुलावर बसून पाय आत घेऊन थापतात आणि तिथून उठणं त्यांच्या गुडघ्यांना झेपतं. सिंक मात्र वर, कारण भांडी घासते मी, मी त्यांच्याहून अर्धा फूट उंच, आणि सिंकचा तळ सात-आठ इंच खोल असतो हे कुणी लक्षात घेत नाही. माझी कंबर तुम्हाला दुवा देते.

नातेवाईक येतात आणि म्हणतात, ओटा सरळ का नाही, दिसायला कसं वाटतं. एक जण म्हणाले, भाकरीच्या कडप्प्याखाली दोन ट्रॉल्या बसल्या असत्या, जागा वाया गेली. मी त्यांना म्हटलं, तिथे माझ्या सासूबाईंचे पाय बसतात.

मला हल्ली अशी माणसं जास्त दिसायला लागली आहेत, तुमच्यामुळे असेल. म्हाताऱ्या बाईला चढता यावं म्हणून बस अगदी कडेला आणून उभी करणारा चालक. बँकेत काचेपलीकडून न ओरडता बाहेर येऊन फॉर्म भरून देणारी मुलगी. यांना कुणी वेगळे पैसे देत नाही. समोरच्याला काय अडतंय हे बघायचं आणि त्याच्याजवळ जायचं, एवढं ते करतात. माझ्या शाळेतल्या मुलांना मी तुमची गोष्ट सांगितली. त्यातल्या एकीनं घरी जाऊन आजीच्या कोपराचं माप घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मला वहीत दाखवलं. वर्गातली बाकीची मुलंही आता मापं आणतायत.

तुमचे पैसे आम्ही दिले, तुम्ही सांगितले तेवढेच, आणि ते त्या शोरूमच्या आकड्याहून पुष्कळ कमी होते. मी आणखी देऊ केले तर तुम्ही रागावलात. म्हणून हे पत्र.

आई विचारतायत, येत्या रविवारी याल का. सरंगा मिळाला तर सरंगा, नाहीतर बांगडा आहेच. येताना टेप घेऊन या. तळमजल्यावरच्या काकूंच्या घरात पुढच्या महिन्यात काम निघतंय. त्या डावखुऱ्या आहेत आणि त्यांच्या मुलानं परस्पर सगळं ठरवून टाकलंय. मी त्याला थांबवून ठेवलंय. खडू मी शाळेतून आणते.

तुमची,
नेरूळच्या आईंची सून