रिपोर्टमध्ये बुरशी आली म्हणजे नेमकं काय, हे कोणी सांगेल का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझे बाबा यंदा पावसाळ्यात उपनगरातल्या एका खासगी हॉस्पिटलात १६ दिवस आयसीयूत होते. आतडं फुटलं म्हणून रातोरात ऑपरेशन, मग औषधं द्यायला गळ्याच्या शिरेत लाइन, लघवीला नळी, आणि भारीतली अँटिबायोटिक्स. सातव्या दिवशी लॅबचा रिपोर्ट थेट मोबाइलवर येऊन पडला, युरिन कल्चरमध्ये (लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी) कॅन्डिडा नावाची बुरशी. मी तो फॅमिली ग्रुपवर टाकला ही माझीच चूक, दहा मिनिटांत नाशिकच्या काकांनी 'ब्लॅक फंगस' ठरवून टाकलं (२०२१ ची ती काळी बुरशी म्हणजे म्युकर, ती वेगळीच, पण ऐकतंय कोण) आणि आम्ही भावंडं बाहेरच्या खुर्च्यांवर भांडायला लागलो की हे लोक औषध का देत नाहीत. मोठे डॉक्टर राउंडला आले, 'कॉलनायझेशन आहे, इन्फेक्शन नाही' एवढं म्हणाले आणि पुढच्या बेडकडे गेले.

अर्थ कळला रात्री, ड्युटीवरच्या रेसिडेंट मुलीकडून. ती म्हणाली, ताई, कॅन्डिडा आपल्या सगळ्यांच्याच तोंडात, आतड्यात, कातडीवर असते, बाकीचे बॅक्टेरिया असतात तोवर बिचारी कोपऱ्यात अंग चोरून राहते, अँटिबायोटिकने ते मेले की सगळी खोली तिची. नळीला चिकटून ती लघवीच्या कल्चरमध्ये येते, कधी थुंकीतही येते, म्हणून लगेच आजार झाला असं नाही, हेच ते कॉलनायझेशन. नळी बदलली, औषध दिलं नाही, कारण उगाच दिलं तर औषधाला न जुमानणारी बुरशीच मागे उरते. पण निवांत राहा असंही ती म्हणाली नाही. पोटाचं ऑपरेशन, गळ्यातली लाइन आणि वर दोन-तीन ठिकाणी कॅन्डिडा सापडली तर ती रक्तात उतरायचा धोका वाढतो, आणि ब्लड कल्चर रक्तातली किंवा आतली बुरशी जेमतेम निम्म्या वेळा पकडतं, म्हणून ताप, बीपी, बाकीचे रिपोर्ट सगळं एकत्र बघून ठरवावं लागतं. पाच मिनिटं लागली तिला. हीच पाच मिनिटं सकाळी मिळाली असती तर काय बिघडलं असतं?

दुसरं म्हणजे तो गाऊन. आयसीयूच्या दाराशी खिळ्याला एकच हिरवा गाऊन, बाह्या दमट, भेटीच्या वेळेत सगळ्यांचे नातेवाईक तोच आळीपाळीने घालून आत, आणि भिंतीवरची हँडरबची बाटली दाबली की नुसती हवा. पलीकडच्या बेडला तेव्हा आयसोलेशनचा बोर्ड लागलेला, कॅन्डिडा ऑरिस, म्हणजे कॅन्डिडाचीच एक वेगळी जात. ही २००९ मध्ये जपानमध्ये एका बाईच्या कानात सापडली म्हणून ऑरिस, लॅटिनमध्ये कान, आणि जागतिक आरोग्य संघटनेने धोकादायक बुरशींच्या २०२२ च्या यादीत तिला सगळ्यात वरच्या गटात टाकलंय. ती बेडच्या कठड्यावर, बीपीच्या पट्ट्यावर कितीतरी दिवस टिकते, नेहमीच्या वापरातली काही डिसइन्फेक्टंट तिला पुरत नाहीत, फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं नेहमीचं औषध तर बहुतेक वेळा लागूच पडत नाही. हाताला अल्कोहोलचं हँडरब मात्र चालतं, आणि तेच बाटलीत नव्हतं! आयसीयूचं दिवसाचं भाडं मी इथे लिहीत नाही, वाचणाऱ्याचं बीपी वाढेल.

माझं म्हणणं एवढंच की असा रिपोर्ट मोबाइलवर पाठवायच्या आधी कोणीतरी नातेवाइकांशी मराठीत, हिंदीत, जे समजेल त्यात बोलावं, आणि आयसीयूच्या दारात हात स्वच्छ करायची सोय खरोखरची असावी. आमचंही चुकतंच, प्रसादाची पुडी उशाशी ठेवायला म्हणून मी स्वतः हात न धुता कठड्याला हात लावलाय.

नवव्या दिवशी मी खालच्या मेडिकलमधून हँडरबची मोठी बाटली आणून दाराशी ठेवली. सफाईच्या मावशी म्हणाल्या, 'ताई, जाताना घेऊन जाऊ नका हां, आम्हाला पण होईल.'

आपली,
एक वाचक, मुलुंड