आकडा सांग आधी, बाकीचं नंतर बघू

बाळा,

ताईने सांगितलं मला. तिच्यावर चिडू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं, कारण बरेच दिवस झाले तुझा फोन आला की दोन मिनिटात "सगळं ओके आहे गं, नंतर बोलतो" म्हणून ठेवतोस आणि तो नंतर काही येत नाही. जॉब गेला हे तू सांगितलं होतंस, पण कार्डाचं थकलेलं बिल, पर्सनल लोन, वर त्या दोन ॲपवरची कर्जं, आणि रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही हे काही बोलला नाहीस. फोनवर माझा आवाज चढतो आणि तू गप्प होतोस, म्हणून टाइप करतेय. एका दमात वाचायची गरज नाही.

मी इतकी वर्षं बँकेत कर्जाच्या टेबलावर काढली. तिथे एक गोष्ट कळली, अडचणीत आलेली माणसं दोन प्रकारची. एक येऊन सांगतात की मॅडम या महिन्यात हप्ता जमणार नाही, काय करता येईल. दुसरी येतच नाहीत, फोन उचलत नाहीत, पत्रं उघडत नाहीत. आणि दुसऱ्या प्रकारची माणसं लबाड असतात असं बिलकुल नाही, उलट ज्यांना सगळ्यात जास्त लाज वाटते तीच असतात. एक गृहस्थ आले होते, प्लास्टिकच्या पिशवीत बँकेची पाकिटं, एकही फोडलेलं नाही. पिशवी टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसून दुसरीकडे बघत राहिले. मी एकेक पाकीट फोडत गेले, तारखेप्रमाणे लावत गेले, तर अर्ध्याहून जास्त एकाच रिमाइंडरच्या कॉप्या, फक्त तारीख वेगळी. खरं उत्तर द्यावं असं एकच पत्र होतं आणि त्याची मुदत अजून संपली नव्हती. त्यांनी मनात जो आकडा धरला होता तो खऱ्यापेक्षा बराच मोठा होता. सगळ्यांचं असंच होतं असं नाही म्हणत, कधी कधी खरा आकडा मोठा पण निघतो, पण तो कळला तरी पाहिजे ना.

तर पहिलं काम एवढंच. एक कागद घे, मोबाईल नको, कागद. कोणाचं किती, व्याज किती टक्के, शेवटचा हप्ता कधी भरला, काही तारण आहे का, जामीन कोण राहिलंय. मित्रांकडून घेतलेले पण लिही, ते लिहायला जड जातील तरी लिही. आणि महिन्याला घर चालायला कमीत कमी काय लागतं ते खाली.

आता कोणाला आधी द्यायचे. इथे सगळे चुकतात, शिकलेले पण. जो जास्त ओरडतो त्याला आधी पैसे जातात. ॲपवाले दिवसातून पन्नासदा फोन करतात म्हणून त्यांना दिले आणि घराचं भाडं राहिलं, असं मी कितीतरी जणांचं पाहिलंय. आधी राहतं घर, वीज पाणी, औषधं. मग ज्या कर्जाला तारण आहे ते, कारण ते थकलं की वस्तू जाते. मग ज्याला जामीन आहे ते, कारण तिथे दुसऱ्याच्या दारात वसुली जाते. कार्ड आणि विनातारण कर्जं त्यानंतर, त्यांचा आवाज कितीही मोठा असला तरी. आणि या शेवटच्यांमध्ये हातात थोडे जास्त आले तर ज्याचं व्याज सगळ्यात जास्त ते आधी फेडायचं. लहान कर्ज आधी संपवून टाका म्हणजे उत्साह येतो असंही काही लोक सांगतात, वाईट नाही ते, पण हिशोबाने व्याजवालं बरं.

कार्डाचं एक सांगते कारण ताई म्हणाली तू दर महिन्याला मिनिमम ड्यू, म्हणजे बिलावरची कमीत कमी रक्कम, तेवढीच भरतोयस आणि तुला वाटतंय की निदान ते तरी चालू आहे. समज शंभर थकलेत, व्याज महिना ३ टक्के, आणि तू दर महिन्याला व्याज धरून जी थकबाकी होते तिच्या ५ टक्के भरतोस, नवीन खर्च एक पैशाचा नाही. वर्षभरात तुझ्या खिशातून साधारण ५५ जातात आणि वर्षाच्या शेवटी बाकी किती, तर ७७. काहीच नाही भरलं तर त्याच व्याजाने शंभराचे दोनशे व्हायला दोन वर्षं पण लागत नाहीत, लेट फी वेगळीच. महिना ३ टक्के ऐकायला काही वाटत नाही, वर्षाचं धरलं की चक्रवाढीने ४२ च्या वर जातं. मिनिमम भरलं की खातं थकीत दिसत नाही एवढाच त्याचा उपयोग, कर्ज त्याने फिटत नाही.

म्हणून बँकेशी बोल आणि हप्ता चुकायच्या आधी बोल, चुकला असेल तर आजच. बहुतेक देशात बँकांसाठी ९० दिवस हा मोठा टप्पा असतो, तेवढे दिवस थकलं की खातं बुडीत कर्जाच्या रांगेत जातं आणि मग वसुलीची माणसं वेगळी, भाषा वेगळी. त्याआधी समोरच्याच्या हातात पण काही करण्यासारखं असतं. मुदत वाढवून हप्ता लहान करता येतो, काही महिने हप्ता थांबवता येतो (पण थांबला तरी व्याज चालू राहतं हां, हे नीट विचारून घे), कार्डाची थकबाकी कमी व्याजाच्या हप्त्यांमध्ये वळवता येते. मागितल्याशिवाय कोणी देत नाही. बोलताना रडगाणं नको आणि खोटा वायदा तर अजिबात नको. "माझी नोकरी गेली, महिन्याला एवढेच देऊ शकतो, या तारखेपासून, तुमच्याकडे काय सोय आहे" एवढं. फोनवर जे ठरेल ते त्याच दिवशी ईमेलवर लिहून पाठव. एकरकमी सेटलमेंट, म्हणजे थोडे कमी पण एकदम घेऊन खातं बंद, अशी देऊ केली तर लेखी पत्र हातात आल्याशिवाय पैसे सोडू नकोस, आणि रेकॉर्डला ते "पूर्ण फेडलं" असं न लागता "सेटल्ड" लागतं, पुढे कर्ज घेताना ते आडवं येतं, हे माहीत असून घेतलं तर ठीक.

वसुलीवाले शिव्या देत असतील, नातेवाईकांना फोन करायची धमकी देत असतील तर नोंद ठेव, तारीख, वेळ, नंबर, काय बोलला. पैसे देणं लागतोस म्हणून कोणी तुझी अब्रू काढू शकत नाही, त्याची तक्रार करता येते. ॲपने तुझे कॉन्टॅक्ट घेतले असतील तर तू स्वतःच चार जवळच्यांना आधी सांगून टाक. ज्यांना आधीच माहितीये त्यांच्यासमोर धमकी देऊन त्याला काय मिळणार.

आणि एक, आता तुला भलतेसलते मेसेज येतील. "तुमचं सगळं कर्ज माफ करून देतो, आधी प्रोसेसिंग फी भरा." कर्ज देण्याआधी किंवा मिटवण्याआधी जो पैसे मागतो त्याला ब्लॉक कर, विचार पण करू नकोस. खरे सल्लागार असतात, बऱ्याच देशात संस्था आहेत ज्या फुकट बसून तुझा हिशोब लावून देतात आणि बँकेशी बोलतात पण, तिकडे जा. ऑनलाइन बेटिंग, रमी, एका झटक्यात सगळं वसूल, हे ज्या रात्री मनात येईल त्या रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेव. येतं मनात, भल्याभल्यांच्या येतं.

माझ्या पैशाचं. तू विचारणार नाहीस, मीच सांगते. माझी एफडी मी लगेच मोडणार नाही आणि नवीन कर्जाला बाबांची सही मिळणार नाही. राग येईल तुला, येऊ दे. कागद बघितल्याशिवाय पैसे दिले की ते ओरडणाऱ्याकडे जातात आणि तीन महिन्यांनी आपण सगळेच अडचणीत, हे मी टेबलाच्या त्या बाजूने बघितलंय. कागद आला की भाड्याचं आणि औषधाचं मी बघेन, ते परत नको. बाकीचं ठरवू. घरी येऊन राहायचं असेल तर खोली आहेच, आणि त्यात माघार वगैरे काही नाही, भाडं वाचतं, साधा हिशोब आहे.

आता दुसरं, आणि हे मला लिहायला जास्त अवघड आहे.

मला कोणी "पॉझिटिव्ह राहा" म्हटलं की डोक्यात जातं, त्यामुळे तुला म्हणणार नाही. तू ताईला म्हणालास की डोकंच चालत नाही, साधा फॉर्म भरायला तास जातो, मूर्ख झालोय मी. मूर्ख नाही झालास. २०१३ मध्ये "सायन्स" मासिकात एक अभ्यास आला होता, तमिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांवर. कापणीच्या आधी हातात पैसे नसताना आणि कापणीनंतर पैसे आल्यावर, दोन्ही वेळा त्याच माणसांच्या डोक्याच्या चाचण्या घेतल्या, तर आधीचे मार्क कमी. माणूस तोच, अक्कल तीच. पैशाची चिंता डोक्यातली जागाच अडवून बसते. म्हणून मोठे निर्णय, सही, नवीन कर्ज, काही काही रात्री करायचं नाही. सकाळी, आणि दुसऱ्या कोणाला तरी वाचून दाखवून.

झोप नाही, भूक नाही, कशात मन लागत नाही, हे दोन आठवड्यांच्या वर रोजचं झालं असेल तर डॉक्टरकडे जायचं, साध्या फॅमिली डॉक्टरपासून सुरुवात कर. लाजायचं काय त्यात. गोळ्या दिल्या तर परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, चार दिवसांनी बंद करून "काही फरक नाही" म्हणू नकोस. आणि झोपेसाठी दारू नको, तिने झोप लागल्यासारखी वाटते आणि पहाटे तीनला डोळे टक्क उघडतात.

मी सरळ विचारते. मरून जावं असं मनात येतं का? असं विचारल्याने माणसाच्या डोक्यात तो विचार घुसतो असं लोकांना वाटतं, तसं होत नाही, अभ्यासकांनी तपासलंय. उत्तर हो असेल तर हे पत्र इथेच ठेव आणि ताईला फोन करून बोलाव, एकटा राहू नकोस, मग मला फोन, कितीही वाजले असू देत. आमच्याशी बोलवत नसेल तर हेल्पलाइनला कर. लंडनमध्ये चाड वाराह नावाच्या पाद्र्याने १९५३ मध्ये असा फोन सुरू केला, त्याचीच पुढे सॅमॅरिटन्स नावाची संस्था झाली. त्याला भेटायला लोक यायचे, बाहेर साधे स्वयंसेवक त्यांच्याशी बोलत बसायचे, आणि बरेच जण तेवढ्यानेच हलके होऊन जायचे, आत जायची गरजच पडायची नाही. ते सल्ला देत नव्हते, नुसतं ऐकून घेत होते. पुढच्याच वर्षी वाराहने ते काम त्या स्वयंसेवकांकडेच सोपवलं.

हे लिहिलं कारण मला माझं माहितीये. मला ऐकून घेता येत नाही, मी तिसऱ्या वाक्याला उपाय सांगायला लागते. आकड्यांसाठी मी आहे, ते माझं काम आहे, पण मनातलं बोलायला दुसरं कोणीतरी धर, ताई, तुझा तो शाळेपासूनचा मित्र, नाहीतर काउन्सेलर. दोन्ही गोष्टी एकाच माणसावर टाकल्यास तर मी व्याज काढत बसेन आणि तू परत "सगळं ओके आहे" म्हणून फोन ठेवशील.

बाबांना मी थोडंच सांगितलंय. ते विचारणार नाहीत, पण बहुतेक तुला क्रिकेटवरून काहीतरी फॉरवर्ड करतील, त्याला नुसता अंगठा दाखवलास तरी चालेल.

रविवारपर्यंत त्या कागदाचा फोटो पाठव. अर्धा झाला असेल तर अर्धा. ॲपचं व्याज किती ते सापडत नसेल तर कर्ज घेताना आलेला मेसेज किंवा ॲग्रीमेंट स्क्रीनशॉट करून टाक, मी शोधते.

आई

ता.क. ताईचे पण तुझ्याकडे आहेत ना? ते कागदावर लिही. ती नको म्हणेल तरी लिही.